अकरावं पेर

माझ्या कारखान्यात एक नियम आहे, आणि तो सरकारी नियमासारखा नाही. तो पाळला जातो. कुठलाही कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय मी त्यावर सही करत नाही. मला अक्षरं येतात. दुकानाची पाटी वाचते, टँकरचा नंबर वाचते, सही तर लेकीपेक्षा वळणदार करते. पण कोर्टाची भाषा म्हणजे एका वाक्यात तीन वळणं आणि शेवटी खड्डा. दुसऱ्या वळणावर माझा दम संपतो. म्हणून लेकीनं वाचायचं आणि मी ऐकायचं, अशी आमची वाटणी.

ऐकताना माझा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत असतो. एक कलम संपलं की एक पेर. चार बोटांची बारा पेरं. ही सवय पिंपांची. गाडीतून पिंपं उतरवताना हात तेलानं बरबटलेले, पेन धरणार कोण? तेव्हा मी पेरांवर मोजायचे. तीस वर्षांत एक पिंप इकडचं तिकडे झालं नाही.

आमचं काम सांगते. हॉटेलं, खानावळी, इस्पितळांची स्वयंपाकघरं इथलं तळून तळून काळं पडलेलं तेल आम्ही आणतो. गाळतो, तापवून त्यातलं पाणी उडवतो, औषध घालून त्याचं डिझेल करतो. खाली बसलेला चिकट गाळ साबणवाले नेतात. गाळणीवर सात बायका, भट्टीवर दोन माणसं, आणि टँकरवर ढोल. ढोल हे त्याचं नाव नव्हे, त्याचा आवाज आहे. तो फाटकाशी बोलला की मागच्या टाकीतलं तेल हलतं.

हे डिझेल मोठ्या तेल कंपन्या घेतात आणि स्वतःच्या डिझेलात मिसळतात. आमच्या प्रेमापोटी नाही, कायदा आहे म्हणून. दर वर्षी नोव्हेंबर संपायच्या आत सरकारनं एक आकडा जाहीर करायचा, की पुढच्या वर्षी प्रत्येक कंपनीनं इतकं हिरवं इंधन मिसळलंच पाहिजे. आकडा आला की कंपन्यांचे फोन येतात. आकडा आला नाही की त्या आमचे फोन उचलत नाहीत.

दोन वर्षं आकडा आला नाही.

पहिल्या वर्षी खात्यानं सांगितलं, अभ्यास चालू आहे. दुसऱ्या वर्षी सांगितलं, समिती नेमली आहे. माझा धाकटा भाऊ तीनदा पाचवीला बसला, पण त्यानंही एवढा अभ्यास केला नव्हता. आणि खात्याच्या ज्या साहेबानं माझ्या आवारात उभं राहून, नाकाला रुमाल लावून, "बाई, तुम्ही बनवत राहा, आकड्याची काळजी आमची," असं म्हटलं होतं, त्याच्या शब्दावर मी तिसरी टाकी उभी केली होती. तीही भरली. मग भट्टी विझवली.

आमचं डिझेल ठेवून ठेवून मुरत नाही, ते विटतं. सहा महिन्यांनी रंग उतरतो, वर्षानं त्याला जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येतो. भट्टीच्या प्रत्येक खेपेतली एक बाटली आम्ही तारीख लिहून फळीवर ठेवतो, गिऱ्हाइकाची तक्रार आली तर दाखवायला. त्या दोन वर्षांच्या बाटल्या फळीवर ओळीनं उभ्या होत्या. डावीकडून उजवीकडे बघत गेलं की मधासारखा रंग चहासारखा होत गेलेला दिसायचा. तक्रार करायला गिऱ्हाईकच नव्हतं.

आमच्या धंद्यातल्या पंधरा कारखान्यांचा एक संघ आहे. पहिल्या वर्षी आकडा चुकला तेव्हाच संघ कोर्टात गेला, दुसऱ्या वर्षी चुकला तसं तेही वर्ष अर्जात घातलं. मागणी सरळ होती: कायद्यात तारीख लिहिली आहे, सरकारनं ती चुकवली, तर कोर्टानं या दोन वर्षांचे आकडे जाहीर करायला लावावेत. म्हणजे कंपन्यांना त्या दोन वर्षांचं राहिलेलं इंधन आमच्याकडून उचलावंच लागेल. विटलेलं डिझेल पुन्हा भट्टीत घालून सुधारता येतं, उचलणारा हवा. बाकी चौदा जणांचे दुसरे उद्योग होते. कुणाचा साबण, कुणाचं पशुखाद्य. मला तेवढ्या तीन टाक्याच होत्या. ती दोन वर्षं मिळाली तर माझं फाटक उघडणार, नाही तर कायमचं बंद.

संघाचा वकील म्हणाला, "अर्जदार क्रमांक एक म्हणून बाईंचं नाव घालू. बाईंचा चेहरा कोर्टाला पटेल."

मी म्हटलं, "चेहरा घ्या, पण मान माझी माझ्याकडेच राहू दे."

सगळे हसले. लेक जास्त हसली.

लेकीबद्दल सांगायला हवं. लहानपणी सारखी बडबडायची, म्हणून मी तिला मैना म्हणायचे, अजूनही म्हणते. मी चौथीत शाळा सोडली, पण तिला मी शाळेत मागे पडू दिलं नाही. तिच्या वर्गात बापलोक फी भरायला यायचे, तिथे मी तेलकट पातळानं जायचे, आणि कुणी नाक मुरडलं तर त्याच्या शेजारीच उभी राहायचे. मैना सोळा वर्षं शिकली. परत आली ती संघाची सचिव झाली. अध्यक्षांचं तिच्याशिवाय पान हलत नव्हतं. मला अभिमान होता, आणि तो मी लपवलाही नाही. उगाच का लपवायचा?

खटला सव्वा वर्ष चालला. सरकारी वकील तारीख मागायचा, पुढची तारीख मिळायची, मग तो त्या तारखेलाही तारीख मागायचा. एकदा आमच्या वकिलानं बारा बाटल्या कोर्टात नेल्या आणि टेबलावर मांडल्या. न्यायाधीशांनी शेवटच्या बाटलीचं बूच काढून वास घेतला आणि घाईघाईनं बूच परत लावलं. मला वाटलं, झालं, आता आपलं झालं.

त्याच महिन्यात मैना एक कागद घेऊन आली.

दुपारची वेळ होती. मी गाळणीची फडकी धुऊन तारेवर घालत होते. काम बंद असलं तरी फडकी धुवायची, नाही तर कडक होतात. मैना उलट्या पिंपावर बसली.

"आई, सरकार तडजोडीला तयार आहे. कोर्टात लिहून देतायत. या नोव्हेंबरात आकडा जाहीर करणार. चुकले तर कोर्टाचा अवमान."

"आणि मागची दोन वर्षं?"

"ते सगळं आहे त्यात. वाचते ना."

तिनं वाचलं. आवाज चांगला आहे तिचा, स्वच्छ, भांड्यावर चमचा वाजल्यासारखा. पहिलं कलम, आम्ही कोण. दुसरं, सरकार कोण. तिसरं, कायद्यात काय म्हटलं आहे. मी फडकी पिळत होते, अंगठा पेरांवर चालला होता. आठव्याला तिनं पान उलटलं. पुढं वाचत गेली. शेवटी थांबली आणि म्हणाली, "आणि खाली असं लिहिलंय की वरील कलम एक ते बारा अर्जदारास त्यांच्या भाषेत वाचून दाखवली, समजावून सांगितली, त्यांना मान्य आहेत. त्याखाली वाचणाऱ्याची म्हणून माझी सही. वरती तुझी."

बारा म्हणाली ती. माझा अंगठा करंगळीच्या मधल्या पेरावर होता. अकरावर.

मी हाताकडे बघितलं. फडक्याचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. म्हटलं, पिळताना बोट घसरलं असेल. वय झालं. तीस वर्षांत न चुकलेल्या अंगठ्यावर मी संशय घेतला, कारण दुसरा संशय घ्यायला माझ्याकडे जागा नव्हती.

"मैने, बाराच ना?"

"बाराच आई. कर सही, वकील थांबलेत."

मी हात पुसले आणि सही केली. वळणदार.

कोर्टात त्या दिवशी गर्दी होती. पुढच्या बाकावर वकील, त्याच्यामागे अध्यक्ष नवा कोट घालून, त्यांच्या शेजारी मैना फाइल मांडीवर घेऊन. मी त्यांच्या मागे. पंखा माझ्या डोक्यावरच कुरकुरत होता. तडजोड मान्य करण्याआधी न्यायाधीश ती स्वतः वाचायला लागले. सगळी नाही, महत्त्वाची कलमं तेवढी. म्हातारा माणूस, बोट ठेवून वाचत होता. मला बरं वाटलं. बोट ठेवून वाचणारा माणूस काही सोडत नाही.

"कलम नऊ," ते म्हणाले. "सर्व अर्जदार मागील दोन वर्षांच्या आकड्यांबाबतची आपली मागणी कायमची सोडून देत आहेत, व त्याबाबत पुन्हा कोणत्याही न्यायालयात जाणार नाहीत."

माझ्या अंगावरून कुणी पिंप ओढत नेल्यासारखं झालं. समोर मैनेची पाठ होती. ती वळली नाही. तिच्या मानेवरचा एक केसही हलला नाही, आणि त्यावरूनच मला सगळं कळलं. चूक झालेला माणूस दचकतो.

मी उभी राहिले.

"साहेब, हे मी ऐकलेलं नाही."

वकील मागे वळून पुटपुटला, "बाई, बसा. बसा हो. नंतर बोलू."

"नंतर काय बोलायचं? नंतर तर कायमचं लिहिलंय."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "तुम्ही कोण?"

"अर्जदार क्रमांक एक. त्या बाटल्या माझ्या होत्या."

"या कागदावरची सही तुमची आहे?"

"माझीच आहे."

"खाली लिहिलं आहे की सगळी कलमं तुम्हाला वाचून दाखवली. वाचणाऱ्या व्यक्तीची सही आहे. ही व्यक्ती कोण?"

"माझी मुलगी."

टंकलेखकानं हात उचलून धरले. न्यायाधीश हळू बोलले, पण मला प्रत्येक शब्द ऐकू आला. "बाई, नीट विचार करून सांगा. तुमच्या मुलीनं खोटं प्रमाणपत्र दिलं, असं तुम्ही म्हणताय का? त्याचे परिणाम होतात."

त्या क्षणी मैना वळली. डोळे तसेच, शाळेतून निकाल घेऊन यायची तेव्हासारखे. तिला वाटलं होतं मी बसेन. खरं सांगते, मीही बसायच्या बेतात होते. चार शब्द बोलून मोकळं होता आलं असतं: हो साहेब, वाचलं होतं, मी विसरले. म्हातारी बाई, विसरते. कुणालाही पटलं असतं. आणि संध्याकाळी मी जाऊन सात बायकांना काय सांगितलं असतं? की फाटक कायमचं बंद, मी विसरले?

"तिनं अकरा वाचली, साहेब. नववं वाचलं नाही. मी मोजते."

मैना उभी राहिली. "सर, पान उलटताना... नजरचुकीनं राहून गेलं असेल."

तेव्हा मात्र माझी जीभ सुटली. "नजर हिची चुकत नाही, साहेब. पिंपातला केस वरून दिसतो हिला."

कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही.

न्यायाधीशांनी बराच वेळ कागद खालीवर केला. मैनेला कडक समज दिली, प्रमाणपत्र रद्द केलं. मग सांगितलं की बाकीच्या चौदा जणांची तडजोड मान्य, अर्जदार क्रमांक एकचा अर्ज जसा आहे तसा पुढे चालेल. अध्यक्षांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्यांच्या कोटावर तेल सांडलं होतं.

बाहेर पायऱ्यांवर मैनेनं मला गाठलं.

"काय केलंस आई तू! सगळ्यांसमोर!"

"तू मला एकटीला गाठून केलंस, मी सगळ्यांसमोर केलं. बरं कुठलं, ते तूच ठरव, तू शिकलेली."

"तुला कळत नाहीये. मागची दोन वर्षं कोर्ट द्यायचंच नाही. दिली तरी कंपन्या वरच्या कोर्टात जातील, अजून पाच वर्षं जातील. तोवर तू राहशील का, टाक्या राहतील का? मी तुला त्यातून बाहेर काढत होते."

"मग सांगायचं तसं."

"सांगितलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"नसते म्हणाले."

"मग?"

"मग काय? माझा नकार तुला नको होता, म्हणून माझे कानच बंद केलेस. अध्यक्षांचा नवा कारखाना येत्या जानेवारीत चालू होतोय ना? त्यांना पुढचाच आकडा हवा, मागचा कशाला हवा असेल? आणि तुला काय देणार होते?"

मान खाली घालून ती म्हणाली, "आकडा ठरवणाऱ्या समितीवर संघाचा एक माणूस घेणार आहेत."

"खुर्ची."

"आई, खुर्चीसाठी नाही. मी आत असते तर दर वर्षी तारीख पाळली गेली असती. तुझ्यासारख्या सगळ्यांसाठीच."

मला तिला मारावंसं वाटलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. मी तिच्या हातातली माझी पिशवी घेतली आणि एकटी पायऱ्या उतरले. ढोल टँकर घेऊन कोपऱ्यावर उभा होता. तो काही विचारायला गेला, माझं तोंड बघून गप्प बसला. तो गप्प बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

त्यानंतर मैना घरी यायची, माझ्यासाठी औषधं आणायची, जेवायची, जायची. मी तिला उपाशी ठेवलं नाही की दार लावलं नाही. पण कागद आला की मी तो तिच्यासमोरून उचलायचे आणि ढोलकडे न्यायचे. ढोल एकेक अक्षर फोडून वाचतो. 'प्रतिज्ञापत्र' म्हणायला त्याला श्वास घ्यावा लागतो. एका पानाला अर्धा तास. सगळ्या गल्लीला माझा खटला पाठ झाला. एकदा मैना दारात उभी राहून ऐकत होती. तो एका शब्दावर अडला, तिच्या तोंडून तो शब्द निघून गेला. मी ढोलला म्हटलं, "तुझं तू वाच. वेळ आहे आपल्याकडे."

ती निघून गेली.

नोव्हेंबरचा शेवटचा दिवस आला. समितीचं पत्र मैनेला अजून आलं नव्हतं, पण आकडा येणार यावर तिचा पक्का विश्वास होता; कोर्टात लिहून दिलेलं ना! सकाळपासून ती माझ्याच ओट्यावर फोन घेऊन बसली होती. मला वाटतं तिला माझ्यासमोर तो आकडा यायला हवा होता. मी फडकी धूत होते. अकरा वाजले, दोन वाजले. चार वाजता अध्यक्षांचा फोन आला, "आलं का काही?" पाच वाजता पुन्हा आला. सहाला सरकारी कचेऱ्या बंद होतात. सहा वाजून गेले.

फोनवर एक ओळ आली. तिनं ती मनात वाचली. मग, न सांगता, मोठ्यानं वाचली.

"अभ्यास पूर्ण करण्यासाठी खात्यानं न्यायालयाकडे मुदतवाढ मागितली आहे."

मला वाटलं होतं त्या क्षणी मला बरं वाटेल. तोंडावर चार शब्द तयारही होते, चांगले धार लावलेले. पण मैनेचा चेहरा बघितला आणि ते गिळले. ज्यांच्या शब्दासाठी तिनं मला फसवलं, त्यांनी तिला आठ महिन्यांत फसवलं होतं. मी तिला चहा दिला. जवळ मात्र घेतलं नाही.

पंधरा दिवसांनी अध्यक्ष आले. नवा कारखाना उभा, भट्टी थंड. मागचं सगळं त्यांनी सोडून दिलं होतं, पुढचं मिळालं नव्हतं, आणि पुन्हा नव्यानं अर्ज करायचा तर दोन वर्षं तारखा घेत बसायचं. चालू असलेला अर्ज एकच होता. ते उलट्या पिंपाकडे बघत उभे राहिले.

"बसा," मी म्हटलं, "ते पिंप स्वच्छ आहे. कोटाला काही होणार नाही."

"बाई, आम्हाला तुमच्या अर्जात सामील व्हायचं आहे. चौदाही जणांना. वकील म्हणतात या वर्षाची मागणी त्यात घालता येईल."

"माझा चेहरा अजून पटतो वाटतं कोर्टाला."

ते पिंपावर टेकले. मी त्यांना थोडा वेळ तसंच बसवून ठेवलं. मग हो म्हटलं. चौदा कारखान्यांतही गाळणीवर बायका आहेतच. अट एकच घातली: मागच्या दोन वर्षांच्या माझ्या मागणीला कुणी हात लावायचा नाही.

कागद मैनेनं तयार केला. ती दुपारी घेऊन आली, त्याच पिंपावर बसली, आणि मी काही म्हणायच्या आत वाचायला लागली. या वेळी प्रत्येक कलमाचा आकडा ती आधी मोठ्यानं सांगत होती. "कलम एक." मग कलम. "कलम दोन." मग कलम. नवव्याला ती थांबली, माझ्या हाताकडे बघितलं, आणि ते दोनदा वाचलं. आवाज थोडा चिरकला. माझा अंगठा बाराव्या पेरावर गेला तेव्हाच तिचं वाचणं संपलं.

"बारा, आई."

"बारा," मी म्हटलं.

तिनं पेन पुढे केलं. मी फडकं तारेवर टाकलं, हात पुसले, कागद घेतला, आणि घडी घालून कमरेला खोचला.

"ढोल चारला येतो. तो वाचेल, मग करते."

"मी सगळं वाचलं आई. तू मोजलंस ना."

"मोजलं. बरोबर होतं."

तिनं पेन पर्समध्ये ठेवलं, पर्स मांडीवर ठेवली, आणि तशीच पिंपावर बसून राहिली. फळीवरच्या बाटल्यांवर ऊन आलं होतं. मी राहिलेली फडकी पिळायला घेतली. चार वाजायला अजून दीड तास होता.